वारा, सागर आणि गणित

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे शहर कामवारी नदीच्या काठी वसलेले आहे. यंत्रमागांची अखंड खडखड आणि कापडाच्या गठ्ठ्यांची ने-आण यांमुळे या शहराचे नाव देशभर झाले. अलीकडे मालाच्या मोठमोठ्या गोदामांनी शहराच्या सभोवतीचा प्रदेशही व्यापला आहे. शहरातून समुद्र दिसत नाही. तथापि समुद्राचा आणि या शहराचा संबंध फार निकटचा आहे. कामवारीचे पाणी खाडीला मिळते, आणि भरतीच्या वेळी तीच खाडी नदीचे पाणी अडवून धरते. आकाशातून कोसळणारा पाऊस आणि खाडीतून चढणारी भरती यांची गाठ पडली की पाणी सखल वस्तीत शिरते; मागाच्या शेडमध्ये ठेवलेले सूत भिजते, गोदामातील माल खराब होतो आणि हातावर पोट असलेल्या कामगारांचा रोजगार बुडतो. म्हणूनच पाऊस केव्हा येईल, किती येईल आणि पुढील काळात त्याचे स्वरूप कसे राहील, हे प्रश्न भिवंडीच्या दृष्टीने केवळ कुतूहलाचे नाहीत. ते पोटापाण्याचे आहेत.

या प्रश्नांची उत्तरे भिवंडीच्या आकाशाकडे पाहून मिळत नाहीत. येथे पडणारा पाऊस हजारो किलोमीटर दूर असलेल्या सागरावरून येतो. तो आणणारे वारे आणि त्या वाऱ्यांखाली वाहणारे सागरी प्रवाह हे दोन्ही समजून घेतल्यावाचून पावसाचा उलगडा होत नाही.

वाऱ्यांचे ज्ञान या किनाऱ्याला नवीन नाही. भिवंडीच्या शेजारचे कल्याण आणि वसईजवळचे सोपारा ही प्राचीन काळची नामांकित बंदरे होत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात या दोन्ही बंदरांचा उल्लेख आढळतो. हिप्पालस नावाच्या नावाड्याने मोसमी वाऱ्यांच्या साह्याने भर समुद्रातून भारताकडे येण्याचा मार्ग शोधला, असे त्याच ग्रंथात म्हटले आहे. अरबी समुद्रावरचे नावाडी वर्षाचे काही महिने एका दिशेने आणि काही महिने उलट दिशेने शिडे उभारून प्रवास करीत. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण व भिवंडी ही ठिकाणे स्वराज्यात आणली आणि या खाडीच्या परिसरात जहाजे बांधण्यास प्रारंभ केला. त्या काळीही पावसाळ्यात जहाजे किनाऱ्याला लावून ठेवीत आणि पावसाचा जोर ओसरल्यावर ती पुन्हा पाण्यात लोटीत. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून होड्या समुद्रात नेतात, त्यामागेही वाऱ्याच्या पालटाचे हेच ज्ञान आहे.

परंतु वारा केव्हा पालटतो हे ठाऊक असणे वेगळे आणि तो का पालटतो हे सांगता येणे वेगळे. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ एडमंड हॅले याने १६८६ साली व्यापारी व मोसमी वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला आणि जमीन व समुद्र यांच्या कमीअधिक तापण्याशी त्यांचा संबंध जोडला. उन्हाळ्यात जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो. तापलेल्या भूभागावर हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरची हवा तिकडे धाव घेते. ही मांडणी पुढे पुष्कळ सुधारली गेली, तरी तिच्यातील मूळ विचार आजही उपयोगी पडतो.

मोसमी वाऱ्यांचा मार्ग मोठा मनोवेधक आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील हिंदी महासागरावरून वारे आफ्रिकेच्या दिशेने निघतात. केनियाच्या किनाऱ्याजवळ ते विषुववृत्त ओलांडतात. तेथे पूर्व आफ्रिकेतील उंच पठार भिंतीसारखे आडवे येते आणि त्याच्या कडेने वाऱ्यांचा एक अरुंद, वेगवान स्रोत तयार होतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाहणारे वारे आपल्या उजवीकडे वळतात. त्यामुळे हा स्रोत सोमालियाच्या किनाऱ्यावरून वळण घेतो आणि अरबी समुद्र पार करून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन थडकतो. जमिनीपासून सुमारे एक ते दीड किलोमीटर उंचीवर त्याचा वेग सर्वांत अधिक असतो. फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने १९६९ साली या स्रोताचे सविस्तर वर्णन केले. म्हणून त्याला ‘फिंडलेटर जेट’ किंवा ‘सोमाली जेट’ असे म्हणतात. वाटेत हे वारे समुद्रावरचे बाष्प उचलतात. सह्याद्रीने अडवल्यावर ते वर चढतात, थंड होतात आणि कोकणात मुसळधार पाऊस पाडतात. डोंगर ओलांडून पलीकडे गेलेल्या वाऱ्यांत बाष्प थोडेच उरते. म्हणूनच भिवंडीच्या परिसरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर घाटापलीकडच्या पुणे शहरात तो त्याच्या निम्म्यानेही पडत नाही.

वाऱ्याप्रमाणे समुद्राचे पाणीही वाहते. समुद्रातील या प्रचंड नद्यांना सागरी प्रवाह म्हणतात. जगातील बहुतेक मोठे सागरी प्रवाह वर्षभर साधारणपणे एकाच दिशेने वाहतात. परंतु हिंदी महासागराच्या उत्तर भागातील प्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर आपली दिशा बदलतात. सोमालियाच्या किनाऱ्याजवळचा प्रवाह पावसाळ्याच्या दिवसांत ईशान्येकडे धावतो. तेव्हा त्याचा वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरहूनही अधिक होतो. हिवाळ्यात तोच प्रवाह नैर्ऋत्येकडे वळतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे, तर हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो.

वारा पाण्याला ढकलतो हे कोणाच्याही ध्यानात येईल. पाणीही वाऱ्यावर सत्ता गाजवते, ही गोष्ट मात्र सहज लक्षात येत नाही. जोरदार वाऱ्यामुळे सोमालिया व अरबस्तान यांच्या किनाऱ्याजवळ वरचे पाणी दूर लोटले जाते आणि त्याच्या जागी खोल समुद्रातील थंड पाणी वर येते. समुद्राचा पृष्ठभाग थंड झाला म्हणजे त्यावरील हवेला मिळणारी उष्णता व बाष्प कमी होते आणि वाऱ्याच्या पुढील वाटचालीवर त्याचा परिणाम होतो. अशा रीतीने वारा सागराला आणि सागर वाऱ्याला सतत बदलत असतो. एकाला सोडून दुसऱ्याचा विचार केला तर तो अपुराच ठरणार.

या परस्परसंबंधाचा अभ्यास करावा कसा? रसायनशास्त्राचा विद्यार्थी परीक्षानळीत दोन द्रव्ये मिसळून काय होते ते पाहतो. एखादे द्रव्य वगळून तोच प्रयोग त्याला पुन्हा करता येतो. परंतु सह्याद्री क्षणभर दूर सारून पाऊस कोठे जातो, हे कोणी पाहू शकत नाही. बंगालच्या उपसागरावरचे वारे थांबवून अरबी समुद्राचे काय होते, हेही पाहता येत नाही. पृथ्वी एकच आहे आणि तिच्यावर असे प्रयोग करता येत नाहीत. ही अडचण दूर करण्यासाठी शास्त्रज्ञांनी गणिताच्या साह्याने दुसरी पृथ्वी उभी केली. तिलाच हवामानाचे गणिती प्रारूप किंवा ‘मॉडेल’ असे म्हणतात.

हे प्रारूप माती किंवा लाकूड यांचे नसते. ते समीकरणांचे असते. हवा व पाणी यांच्या हालचालींना न्यूटनचे गतीविषयक नियम लागू पडतात. हवा किंवा पाणी शून्यातून निर्माण होत नाही व नाहीसेही होत नाही. उष्णता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते, पण तिचा हिशेब चुकत नाही. निसर्गाचे हे नियम समीकरणांच्या रूपाने मांडले की आजच्या स्थितीवरून पुढच्या स्थितीचे गणित करता येते.

हे गणित कसे करतात, हे भिवंडीच्या विणकराला लवकर उमगेल. कापडात ताण्याचे उभे धागे आणि बाण्याचे आडवे धागे एकमेकांना छेदतात आणि त्यांच्यामध्ये लहान लहान चौकटी तयार होतात. पृथ्वीच्या पृष्ठभागावरही अक्षांश-रेखांशांसारख्या उभ्या-आडव्या रेषांचे असेच एक जाळे कल्पितात. या जाळ्याच्या प्रत्येक चौकटीवर वातावरणाचे एकावर एक थर रचतात आणि समुद्र असेल तेथे खालीही पाण्याचे थर मोजतात. मग प्रत्येक चौकटीच्या प्रत्येक थरासाठी हवेचा दाब, तापमान, बाष्प आणि वाऱ्याचा वेग हे आकडे ठेवतात. पाण्याच्या थरांसाठी तापमान, क्षारता आणि प्रवाहाचा वेग हे आकडे ठेवतात. शेजारच्या चौकटीतून किती हवा आली, किती पाणी गेले, सूर्याची किती उष्णता मिळाली, याचा हिशेब करून काही मिनिटांनंतरची स्थिती काढतात. त्या नव्या स्थितीवरून पुन्हा पुढील काही मिनिटांची. असे करीत करीत दिवस, महिने आणि अनेक वर्षे यांचा प्रवास पुरा होतो.

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञाने १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हवामानाचे भाकीत अशा गणिताने करण्याची रीत मांडली. केवळ सहा तासांतील बदलांचे गणित त्याने हाताने केले. त्यासाठी त्याला कित्येक आठवडे खपावे लागले आणि उत्तरही चुकले. तरीसुद्धा त्याने धीर सोडला नाही. ६४,००० माणसे एका विशाल सभागृहात बसून एकाच वेळी आकडेमोड करीत आहेत, असे चित्र त्याने रंगवले. तेवढी माणसे कधी जमली नाहीत; त्यांचे काम यंत्राने केले. १९५० साली अमेरिकेतील ‘एनिॲक’ या संगणकावर हवामानाचे पहिले गणिती भाकीत करण्यात आले. चोवीस तासांपुढचे भाकीत काढण्यास त्या यंत्राला जवळजवळ चोवीस तासच लागले! पुढे १९६९ साली स्युकुरो मनाबे आणि कर्क ब्रायन यांनी वातावरण व महासागर यांची प्रारूपे एकत्र जोडली. वारा आणि पाणी यांचा परस्परांवरील परिणाम गणितात उतरवण्याचा तो आरंभ होता. मनाबे यांना २०२१ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गणिती पृथ्वी हाती आल्यावर प्रयोगांना वाव मिळाला. १९७५ साली हान आणि मनाबे यांनी आपल्या प्रारूपातून हिमालय व तिबेटचे पठार काढून टाकले आणि वारे कसे वाहतात ते पाहिले. तेव्हा मोसमी वाऱ्यांचे नेहमीचे स्वरूप उरले नाही. ते भारताच्या अंतर्भागात आज जितके उत्तरेकडे पोहोचतात तितके पोहोचेनात. उत्तरेकडील पर्वतांचा भारतातील पावसाशी किती जवळचा संबंध आहे, हे त्यावरून दिसून आले. पूर्व आफ्रिकेतील डोंगर गणितातून वगळले असता सोमालियाजवळचा वेगवान वातस्रोतही तसा सुसंघटित राहत नाही, असे पुढील प्रयोगांत आढळले.

पश्चिम किनाऱ्यावरील सागरी प्रवाहाचे कोडेही याच मार्गाने सुटले. हिवाळ्यात या किनाऱ्यावर वारे सर्वसाधारणपणे उत्तरेकडून वाहतात. मग पाणी उत्तरेकडे, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, का जाते? केवळ किनाऱ्यावरचा वारा पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळेना. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या प्रवाहाचा मोठा अभ्यास केला. १९६० नंतरच्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून जन्मलेली ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. सतीश शेट्ये आणि त्यांचे सहकारी यांनी जहाजांवरून समुद्राची मोजमापे घेतली. दुसरीकडे संशोधकांनी गणिती प्रारूपात एकेका भागावरचा वारा ‘बंद’ करून पाहिला. १९९३ साली मॅक्रिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अशा अभ्यासातून असे दिसले की, या प्रवाहाचे एक मोठे कारण पश्चिम किनाऱ्यावर नसून बंगालच्या उपसागरात आहे. तेथील वाऱ्यांमुळे समुद्राच्या पाण्यात फार लांबीच्या लाटा उत्पन्न होतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या या लाटा पूर्व किनाऱ्याला लागून दक्षिणेकडे सरकतात, श्रीलंकेला वळसा घालतात आणि पश्चिम किनाऱ्यावर येऊन तेथील पाण्याची पातळी व प्रवाह बदलतात. एका समुद्रावरच्या वाऱ्याने दुसऱ्या समुद्राचे पाणी हलावे, ही गोष्ट प्रत्यक्ष प्रयोगाने दाखवणे अशक्य होते. गणिताने ती दाखवून दिली.

या प्रवाहाचा पावसाशीही धागा जुळतो. गंगा, ब्रह्मपुत्रा इत्यादी नद्यांमुळे बंगालच्या उपसागराचे वरचे पाणी कमी खारे असते. हिवाळ्यातील प्रवाह त्यातील काही पाणी अरबी समुद्राच्या आग्नेय भागात आणतो. कमी खारे पाणी हलके असल्यामुळे ते वरच तरंगत राहते, खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही आणि उन्हाने लवकर तापते. एप्रिल-मे महिन्यांत या भागातील पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. मोसमी पावसाच्या आगमनाशी या उष्ण पाण्याचा संबंध असावा, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. त्याचा प्रभाव नेमका किती, याचा शोध प्रत्यक्ष मोजमापे आणि प्रारूपे या दोहोंच्या आधाराने चालू आहे.

आता एक महत्त्वाची अडचण लक्षात घेतली पाहिजे. जाडेभरडे कापड विणायचे असेल तर धागे विरळ चालतात. परंतु त्यावर बारीक नक्षी उमटत नाही. प्रारूपाचेही तसेच आहे. जाळ्यातील रेषा एकमेकींपासून २०० किलोमीटर दूर असतील, तर भिवंडी, मुंबई, सह्याद्री आणि पुणे ही सारी एकाच चौकटीत सामावतील. त्या चौकटीत सह्याद्रीचा कडा उरणार नाही. सरासरीमुळे त्याचा एक बसका उंचवटा होईल. कोकणातील पाऊस आणि देशावरचा पाऊस यांतील भेद पुसला जाईल. किनाऱ्यालगतचा अरुंद सागरी प्रवाह तर अशा जाळ्यातून निसटूनच जाईल. अशा प्रारूपाला जगाचे हवामान समजेल, भिवंडीचे समजणार नाही.

मग जाळे बारीक का करू नये? त्याला फार मोठी किंमत द्यावी लागते. १०० किलोमीटरची चौकट २५ किलोमीटरची केली, तर लांबीत चार आणि रुंदीत चार, अशा एका चौकटीच्या सोळा चौकटी होतात. शिवाय एका हिशेबात वारा शेजारच्या चौकटीच्या पलीकडे निघून जाऊ नये म्हणून काळाचे टप्पेही चौपट लहान घ्यावे लागतात. म्हणजे आकडेमोड चौसष्टपट वाढते. यावर तोडगा म्हणून शास्त्रज्ञ दोन प्रकारची प्रारूपे वापरतात. साऱ्या जगाचे गणित विरळ जाळ्याने करतात आणि त्याच्या आत, हव्या त्या प्रदेशापुरते, बारीक जाळे बसवतात. बाहेरून येणारे वारे व प्रवाह मोठे प्रारूप सांगते आणि डोंगर, किनारा व खाडी यांचा परिणाम लहान प्रारूप दाखवते. अशा लहान प्रारूपाला प्रादेशिक प्रारूप असे म्हणतात.

या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था १९६२ साली स्थापन झाली. दक्षिण आशियासाठी प्रादेशिक प्रारूपांचा उपयोग करून भावी हवामानाचे अंदाज तयार करण्याचे काम या संस्थेत झाले. वातावरण, महासागर, समुद्रावरील बर्फ आणि भूपृष्ठ या सर्वांना जोडणारे एक प्रारूपही तेथे तयार करण्यात आले. हवामानबदलाचा जागतिक आढावा घेणाऱ्या आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या अहवालासाठी जगभरातील प्रारूपांची जी तुलना झाली, तीत भारताच्या वतीने हे प्रारूप सहभागी झाले. या संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ आणि २०२४ साली ‘अर्क’ हे महासंगणक कार्यान्वित झाले. दोन्ही नावे सूर्याशी संबंधित आहेत. नित्याच्या हवामान भाकितासाठी याच संस्थेने सुमारे ६ किलोमीटरच्या जाळ्याचे प्रारूप विकसित केले आणि मे २०२५ मध्ये ते राष्ट्राच्या सेवेत दाखल झाले.

बारीक जाळ्याची गरज किती तीव्र आहे, हे २६ जुलै २००५ या दिवसाने दाखवून दिले. त्या दिवशीच्या चोवीस तासांत मुंबईतील सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला असलेल्या कुलाबा येथे मात्र तो १०० मिलिमीटरही झाला नाही. मुंबई, ठाणे, कल्याण, भिवंडी हा सारा टापू पुराच्या तडाख्यात सापडला. त्या पुरात महाराष्ट्रात हजाराहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी वापरात असलेल्या विरळ जाळ्यांच्या प्रारूपांना या पावसाची पूर्वसूचना देता आली नव्हती. पुढे अधिक बारीक जाळ्यांच्या प्रारूपांवर त्या दिवसाचे गणित पुन्हा करून पाहण्यात आले, तेव्हा त्यांत अतिवृष्टी उमटली. परंतु नेमके ठिकाण आणि नेमके प्रमाण साधणे तेव्हाही कठीणच गेले. थोड्याशा अंतरात पावसाचे मान इतके पालटत असेल तेथे बारीक जाळे आवश्यक आहे. पण ते पुरेसे मात्र नाही, हा धडा त्यातून मिळाला.

प्रारूप कितीही बारीक विणले तरी ते खरे की खोटे, हे ठरवण्याचा अधिकार निसर्गाचा आहे. म्हणून प्रत्येक प्रारूपाची प्रथम गतकाळाच्या बाबतीत परीक्षा घेतात. मागील पन्नास-साठ वर्षांचे वारे, पाऊस आणि समुद्राचे तापमान त्याला बरोबर सांगता येते का, हे नोंदींशी ताडून पाहतात. यासाठी कुलाब्याच्या वेधशाळेसारख्या जुन्या केंद्रांतील नोंदी अमोल ठरतात. त्या वेधशाळेची स्थापना १८२६ साली झाली. समुद्रावर जहाजे, उपग्रह आणि ‘अर्गो’ नावाचे तरंडे ही माहिती पुरवतात. हे स्वयंचलित तरंडे दोन हजार मीटर खोलीपर्यंत बुडी मारतात आणि वर येताना पाण्याचे तापमान व क्षारता मोजून उपग्रहाला कळवतात. जगातील महासागरांत असे काही हजार तरंडे फिरत आहेत.

या परीक्षेत प्रारूपांचे दोषही उघडे पडतात. जगातील अनेक प्रारूपे अरबी समुद्राला प्रत्यक्षाहून अधिक थंड दाखवतात. थंड समुद्रावरून बाष्प कमी निघते. त्यामुळे गणितात भारतावरचा पाऊसही कमी पडतो. सागराची एक चूक अशा रीतीने पावसाच्या चुकीला कारण होते. दोष कळला म्हणजे सुधारणेची दिशा कळते. शास्त्रज्ञ एकाच प्रारूपावर विसंबून राहत नाहीत, तर अनेक प्रारूपांची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहतात. सर्वांचे उत्तर जुळले तर विश्वास वाढतो. ते भिन्न आले तर निष्कर्ष जपून काढावा लागतो.

येथे एक शंका मनात येणे स्वाभाविक आहे. चार दिवसांनंतरचा पाऊस खात्रीने सांगता येत नाही, तर चाळीस वर्षांनंतरचे हवामान कसे सांगणार? या शंकेचे उत्तर मागाजवळ सापडेल. मागावरचा कोणता धागा कोणत्या क्षणी तुटेल, हे कोणताही विणकर सांगू शकणार नाही. परंतु सूत कमी प्रतीचे असेल आणि हवा कोरडी असेल, तर दिवसभरात धागे अधिक तुटतील, हे तो निश्चित सांगतो. त्याचप्रमाणे पुढील काळातील अमुक तारखेला भिवंडीत पूर येईल, असे प्रारूप सांगत नाही. समुद्र इतका तापला तर मुसळधार पावसाचे दिवस वाढण्याचा संभव किती, एवढेच ते सांगते. एखाद्या दिवसाचे भाकीत आणि दीर्घकाळाच्या हवामानाचा अंदाज यांतील हा भेद ज्याला समजला, तो प्रारूपावर आंधळा विश्वासही ठेवणार नाही आणि त्याला निरुपयोगीही म्हणणार नाही.

समुद्र तापत आहे, ही गोष्ट तर मोजमापांनीच सिद्ध झाली आहे. भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरीने सुमारे १ अंश सेल्सिअसने वाढले. पुण्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांसह काही संशोधकांनी २०१७ साली असे दाखवले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांतील चढउतार वाढल्यामुळे मधूनमधून बाष्पाचा मोठा लोंढा भूमीवर येतो, असे त्याचे कारण त्यांनी दिले. पृथ्वीचे तापमान असेच वाढत राहिले तर अतिवृष्टीचे प्रसंग आणखी वाढतील आणि समुद्राची पातळीही चढत जाईल, असे प्रारूपे सांगतात. पातळी चढली म्हणजे भरतीचे पाणी खाडीत अधिक आत येणार आणि नदीचा निचरा अधिक अडणार, हे उघड आहे.

या ज्ञानाचा उपयोग वेधशाळेच्या भिंतींआडच संपत नाही. भिवंडीत नवा पूल किती उंच बांधावा, नाल्याची रुंदी किती ठेवावी, गोदामाचा चौथरा किती चढवावा, नदीचे पात्र आणि खाडीकाठची खाजणे मोकळी का राखावीत, या सर्व प्रश्नांचा विचार केवळ मागील वर्षांच्या पावसावरून करणे आता पुरेसे नाही. पुढील वर्षांच्या संभाव्य पावसाचाही विचार करावा लागतो. तो करण्याचे साधन प्रारूपांनी दिले आहे. साधन वापरण्याची जबाबदारी मात्र माणसांवरच राहते. गटार तुंबलेले असेल किंवा नदीच्या पात्रात भराव घातलेला असेल, तर अचूक भाकीतही पाणी अडवू शकत नाही.

हिप्पालसच्या काळी वारा ओळखणारा नावाडी आपले जहाज सुखरूप बंदरात आणी. त्याचे ज्ञान अनुभवाचे होते आणि ते अनेक पिढ्यांनी पुढील पिढ्यांच्या हाती दिले. आजचा शास्त्रज्ञ त्याच वाऱ्यांचा आणि त्याच सागराचा अभ्यास गणिताने करतो. एकाच्या हाती सुकाणू होते, दुसऱ्यापुढे संगणक आहे. परंतु निसर्गाचे बारकाईने निरीक्षण करावे, काढलेला निष्कर्ष पुनःपुन्हा पडताळून पाहावा आणि चूक आढळल्यास ती सुधारावी, ही वृत्ती दोघांनाही सारखीच आवश्यक आहे. कामवारीच्या काठी पावसाची पहिली सर येते, तेव्हा तिच्यामागे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून वळलेला वारा असतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आपले गाव आणि दूरचा महासागर यांचे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.